गॅदरिंग संपल्यावर मुले कुठे जातात?

जानेवारी उजाडला की वस्तीतल्या घराघरांत दोन घाया सुरू होतात. एक दहावी-बारावीच्या परीक्षेची आणि दुसरी निरोप समारंभाची. मुली आईच्या पेटीतली लग्नातली साडी बाहेर काढतात, मुले कुणाकडून तरी ब्लेझर मागून आणतात. गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे, सेंड-ऑफ असे एकामागून एक दिवस येतात. याच्याविरुद्ध माझे काहीच म्हणणे नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, त्यांच्या नातवंडांनी शाळेच्या स्टेजवर नाचावे, यासारखा आनंद नाही.

पण शाळेतला कार्यक्रम दुपारी एक-दीडला संपतो. भाषणे होतात, फोटो होतात, वडापाव होतो. आपले पोर घरी येते रात्री नऊला. मधले सात-आठ तास कुठे गेले, हे आपण विचारत नाही. विचारलेच तर "मित्राकडे होतो" एवढ्यावर गप्प बसतो. आजचा लेख त्या मधल्या तासांविषयी आहे.

मी तीस वर्षे सरकारी नोकरीत परिचारिका होते. निवृत्तीच्या आधीच्या एका फेब्रुवारीत, रात्रपाळीला नुकती बसले असताना, चार मुलांनी एका मुलाला रिक्षातून आणले. स्ट्रेचरवर ठेवले आणि चौघेही पळाले. मुलाच्या पांढऱ्या शर्टावर मार्करने मित्रांनी सह्या केल्या होत्या, शाळेच्या शेवटच्या दिवशी करतात तशा. वय सोळा. अंग गार, ओठ निळसर, शर्टावर उलटी, श्वास मोजावा लागेल इतका मंद. तासाभराने आई आली. कॉलेज रोडच्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करणारी बाई. तिने मला पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, ह्याला कुणी पाजली?" आणि थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात दुसरा, "पोलीस येतील का हो? ह्याचा एक तारखेला पेपर आहे."

मुलगा वाचला. पेपरही दिला. पण त्या आईचे दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत, म्हणून त्या दोन्हींविषयी लिहिते.

पहिला प्रश्न, कुणी पाजली? मुले त्याला "कॉन्ट्री काढणे" म्हणतात. शाळेच्या समारंभाची वर्गणी तीनशे, आणि ठरावीक पोरांची वेगळी कॉन्ट्री दोनशे. आईला सांगायचे पाचशे. मग गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, सोमेश्वरच्या पुढे नदीकाठी, त्र्यंबक रोडच्या एखाद्या शेतात नाहीतर कुणाच्या तरी रिकाम्या गच्चीवर बसायचे. बाटली आणणारा मात्र त्या वर्गातला नसतो. तो कुणाचा तरी मोठा भाऊ असतो, दोनदा नापास झालेला सीनियर असतो, मंडळातला "दादा" असतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, बाकीच्या दारूसाठी २५ वर्षांची. म्हणजे दहावी-बारावीच्या पोराच्या हातात ग्लास आला, तर मध्ये कुणीतरी मोठ्या माणसाने कायदा मोडलेलाच असतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपण पोराला झोडपतो आणि त्या दादाला संध्याकाळी "जयभीम" घालतो. माझ्या मते शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता बदलायला हवा.

आणि पहिला घोट कधीच कडू म्हणून येत नाही. तो फळाच्या चवीच्या रंगीत बाटलीतून येतो, थंड पेयात मिसळून येतो. नाशकात तर आणखी एक पळवाट आहे, वाईनची. आपला जिल्हा द्राक्षांचा, वायनरींचा. इथे बायामाणसेसुद्धा सहज म्हणतात, "वाईन काय, द्राक्षाचा रसच तो." २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, हा युक्तिवाद आपण टीव्हीवर दिवसरात्र ऐकला. आमच्या पोरांनीही ऐकला. वाईनमध्ये साधारण बारा टक्के अल्कोहोल असते. एक ग्लास वाईन, एक छोटी बाटली बिअर आणि एक पेग व्हिस्की यांतून शरीरात जाणारे अल्कोहोल जवळजवळ सारखेच. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. हे मोठ्यांसाठी सांगितले आहे. पोरांचे तर शरीर लहान, पोट सकाळपासून रिकामे, आणि मेंदूचा जो भाग "थांब, विचार कर" म्हणतो तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून मोठा माणूस जिथे झिंगतो तिथे पोरगं बेशुद्ध पडतं.

दारूबरोबर आता दुसऱ्या गोष्टीही आल्या आहेत. पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणारी मुले आपण पुलाखाली पाहतो आणि ती "त्यांची" मुले आहेत असे समजून पुढे जातो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट आढळली होती. हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आहे, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. मोठ्यांत अर्धा टक्क्याच्या थोडे वर, मुलांत १.१७ टक्के. कारण उघड आहे, दहा-वीस रुपयांत मिळते आणि दुकानदाराला संशय येत नाही. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात ती मूळची झोपेची-चिंतेची गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेली. दारूबरोबर ती घेतली तर श्वासच मंदावतो.

आणि एमडी. मेफेड्रोन. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी २०२३ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा ऐकले, मुंबई पोलिसांनी नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात कारखान्यावर छापा घातला तेव्हा. शंभर किलोहून जास्त माल, किंमत शेकडो कोटी. पुणे-नाशिक महामार्गाने आपण कितीदा तिथून गेलो असू. तोपर्यंत आपल्याला वाटत होते की ड्रग्ज म्हणजे मुंबईच्या सिनेमावाल्यांची गोष्ट. ही पूड पहिल्यांदा फुकट मिळते. "अभ्यासाला जागता येतं", "नाचायला दम येतो" असे सांगून देतात. घेणाऱ्याला झोप लागत नाही, भूक लागत नाही, जबडा आवळला जातो, छाती धडधडते, महिन्या-दोन महिन्यांत गालफडे बसतात. मग दुसऱ्या वेळेला पैसे लागतात, आणि दहाव्या वेळेला आईच्या कानातले जातात. नंतर त्याच पोराला सांगितले जाते, चार जणांना तू पोचव, तुझे फुकट. आपल्या वस्त्यांवर त्यांचा डोळा असतो तो यासाठी.

आता त्या आईचा दुसरा प्रश्न. पोलीस येतील का?

१९ मे २०२४ ची पुण्यातली गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा, बारावीच्या निकालाचा आनंद मित्रांबरोबर पबमध्ये साजरा करून कोट्यवधींची गाडी घेऊन निघाला. कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनियर त्याच्या गाडीखाली जागीच गेले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेली दोघे, वय चोवीस. काही तासांत त्या मुलाला जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले तेव्हा तो आदेश फिरवून त्याला निरीक्षणगृहात पाठवले. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीनांना दारू दिली म्हणून बारवाल्यांनाही अटक झाली.

मी हे प्रकरण सांगते ते त्या मुलावर राग काढण्यासाठी नाही. भीमवाडीतल्या, फुलेनगरातल्या, वडाळागावातल्या पोराने हेच केले असते तर त्याला निबंध लिहायला कुणी कागद दिला असता का, एवढेच विचारते. त्याच्या वस्तीचे नाव पेपरात छापून आले असते. आपल्या पोराला चुकायला जागा कमी आहे. हे अन्यायाचे आहे, त्याविरुद्ध लढलेच पाहिजे, पण येत्या शनिवारच्या सेंड-ऑफला पोरगं जाणार आहे आणि तोपर्यंत जग बदलणार नाही. बंगल्यातल्या पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली तर वकील ठाण्यात आधी पोचतो. आपल्या पोराच्या खिशात सापडली तर पोलीस भरतीचा फॉर्म, पासपोर्ट, कंपनीतले चारित्र्य पडताळणीचे कागद, सगळीकडे ती पुडी पाठलाग करते. अठरा वर्षांखाली बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे हे खरे. पण बारावीतल्या कितीतरी मुलांना अठरा पूर्ण झालेले असतात. वर्गात सोळा-सतराची आणि अठराची मुले शेजारी बसतात, कायद्यासमोर ती शेजारी बसत नाहीत. हे मुलांना अगदी याच शब्दांत सांगा. प्रवचनापेक्षा हे त्यांना लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

एवढे लिहिल्यावर आपल्या घराकडे वळावेच लागेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. पाचवे शील तेच सांगते. आपण प्रत्येक वंदनेला, लग्नात, नामकरणात ते म्हणतो. आणि त्याच वस्तीत १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे काय चालते, ते पोरे लहानपणापासून पाहतात. सगळेच तसे करतात असे नाही, बहुतेक करत नाहीत. पण जे करतात त्यांना आपण थांबवत नाही, "वर्षातून एकदा" म्हणून डोळेझाक करतो. मग पोरगंही म्हणतं, सेंड-ऑफसुद्धा वर्षातून एकदाच असतो, नव्हे आयुष्यातून एकदाच! त्याला आपल्याजवळ उत्तर नसते. ज्या नाशकात दादासाहेब गायकवाडांसारखी माणसे १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात वर्षानुवर्षे सत्याग्रहाला उभी राहिली, ती शुद्धीवर राहून उभी राहिली. लाठ्या खाताना ज्यांनी शिस्त सोडली नाही, त्यांच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीला शिस्त नसावी?

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे भाषण केले. मुलामुलींना शाळेत घाला, हे त्यात त्यांनी सांगितले, आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवायला वाढू नका, हेही सांगितले. शाळा आणि दारू हे दोन्ही विषय एकाच भाषणात आले ते उगाच नाही. एका हाताने शाळेत घालायचे आणि दुसऱ्या हाताने ते धुवून जाऊ द्यायचे, हे त्यांना दिसत होते. या भाषणाविषयी शेवटी पुन्हा बोलेन, कारण मला त्याबाबत एक अडचण आली.

काही भगिनी म्हणतील, मग पाठवायचेच नाही. मुलींच्या बाबतीत तर हा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. माझा त्याला साफ विरोध आहे. मुलगी घरी बसली म्हणून गच्चीवरची बाटली बंद होत नाही, फक्त तिचा सेंड-ऑफ जातो. आणि "बाहेरचे जग वाईट आहे" म्हणत म्हणत पुढे तिचे कॉलेजही जाते. मुलांना नाही म्हणायला शिकवा, पण नुसते "नाही म्हण" हे सांगून भागत नाही. सोळाव्या वर्षी मित्रांच्या घोळक्यात नाही म्हणणे फार कठीण असते, आपल्यालाही जमले नसते. त्यांना वापरायला वाक्ये द्या. "माझं औषध चालू आहे." "घरी आई तोंडाचा वास घेते, मार खायचा नाही मला." "उद्या सकाळी भरतीची प्रॅक्टिस आहे." तिसऱ्या वाक्यावर तर हल्ली मित्र मानच देतात. आईला खलनायक करून पोरगं सुटत असेल तर आईने खुशाल खलनायक व्हावे.

दुसरे, घरात एक करार करा. "कुठेही, कितीही वाजता, कुठल्याही अवस्थेत असशील, मला फोन कर. मी येईन. त्या रात्री एक शब्द विचारणार नाही." आणि ते पाळा. दुसऱ्या दिवशी दुपारी बोला, रात्री नाही. रिक्षावाल्या बापांना तर हे सहज शक्य आहे. माझ्यासमोर आणलेल्या त्या मुलाचे मित्र दीड तास त्याला शेतात उताणे झोपवून बसले होते, "उतरेल आपोआप" म्हणत. घरी फोन करायची भीती वाटली म्हणून. तो दीड तास सर्वांत घातक होता.

म्हणून मुलांना हे पाठ करायला लावा, त्यांनी स्वतः घेतली नसली तरी. मित्र हाक मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालत असेल, अंग गार आणि निळसर पडले असेल, पडल्या पडल्या उलटी होत असेल, तर तो झोपलेला नाही. त्याला कुशीवर वळवा, उलटी बाहेर येईल असे तोंड खाली करा. एकटे सोडू नका. लिंबूपाणी, मिठाचे पाणी, कॉफी काहीही पाजू नका, बोट घालून उलटी काढू नका, अंगावर गार पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट आहे. दवाखान्यात काय घेतले ते खरे सांगा, कारण दारूचा, गोळीचा आणि सोल्युशनचा उपचार वेगळा असतो. हातभट्टीची किंवा सुटी दारू असेल तर जास्तच घाई करा. त्यात मिथेनॉल असले तर सुरुवातीला माणूस ठीक वाटतो आणि काही तासांनी दिसेनासे होते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे अशीच गेली. गरिबांची वस्तीच होती तीही.

आणि ज्या घरात हे आधीच सुरू झाले आहे, तिथे लाज धरून बसू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत फोन क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाला दाखवा. पोलिसांची भीती घालून पोरे उपचार टाळतात, म्हणून हेही सांगते की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला पुढे आला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. कायद्यात शिक्षेबरोबर दारही ठेवलेले आहे, ते माहीत असावे.

आता ती अडचण. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या आठ-दहा जणींनी ठरवले की शाळेचा सेंड-ऑफ संपल्यावर मुलांना जायला दुसरी जागा हवी. भाषण नको, व्यसनमुक्तीचे बॅनर नको. विहाराशेजारच्या समाजमंदिरात पावभाजी, रात्री साडेनऊपर्यंत गाणी, फोटो काढायला दिव्यांची माळ. प्रत्येक घरातून पन्नास रुपये. वस्तीत दहावी-बारावीची तेवीस मुले होती, चौदा आली. समितीतल्या काही पुरुषांनी नाके मुरडली, "विहाराजवळ डीजे?" म्हणून. मी म्हटले, साहेब, आवाज कमी ठेवू, पण गाणी त्यांचीच वाजतील.

नऊच्या सुमारास राहिलेल्या नवांपैकी पाच जण आले. पावभाजीचा वास गेला असावा गच्चीपर्यंत. त्यातल्या एकाच्या तोंडाला दुसराच वास येत होता. तो मागे मागे उभा होता, ताट मागायची हिंमत नव्हती. एक बाई माझ्या कानात म्हणाली, "वाढू नका सिस्टर, महाडला बाबासाहेबांनी काय सांगितलंय?" ती बरोबर होती. वाक्य तसेच आहे. त्यात मुलगाही आहे.

मी वाढले. चूक केली असेन. पण मला तो शर्टावर सह्या असलेला मुलगा दिसत होता, आणि हा निदान आपल्या पायांनी आमच्याकडे चालत आला होता. त्याने खाली मान घालून दोन पाव खाल्ले, पाणी प्यायला, आणि मी त्याच्या बापाला फोन करून बोलावून घेतले. त्या बाईशी माझा वाद अजून मिटलेला नाही. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही त्यावर भांडतो.

यंदा शाळेच्या सेंड-ऑफची तारीख कळली की त्याच संध्याकाळी समाजमंदिर घ्यायचे आहे. तेवीसची या वर्षी एकतीस झाली आहेत, त्यामुळे वर्गणी साठ रुपये धरली आहे. मोठी कढई कुणाकडे असेल तर निरोप द्यावा. आणि पावभाजीच्या गाडीवर काम करणारा तो गेल्या वर्षीचा मुलगा, यंदा भाजी मीच करणार असे सांगून गेला आहे.